उरलं ते पेटवलं

होळी उलटली की तापी-पूर्णेच्या खोऱ्यात रान साफ करण्याची घाई सुरू होते. मुक्ताईनगर तालुक्यात कपाशीची उपटलेली पऱ्हाटी बांधाला ढीग लावून पडलेली असते. मक्या-ज्वारीची धसकटे वेचायची असतात. बांधावरचे वाळलेले गवत, बोराटी आणि बाभळीची कोवळी झुडपे काढायची असतात. खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचे, नवे साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) धरण्याची जुनी रीत. तिथून मृग लागेपर्यंत जेमतेम दीड महिना, आणि तेवढ्यात नांगरट, वखरणी उरकून रान पेरणीला तयार हवे. या घाईत काडी ओढली जाते. वढोदा-डोलारखेड्याच्या जंगलाकडेला अशी बांधावरची आग कधी वनहद्दीतही शिरते. तिच्याबद्दल दोन मते ठरलेली आहेत. एक म्हणते, शेतकऱ्याला मातीचे आणि हवेचे नुकसान कळत नाही. दुसरे म्हणते, ही बापजाद्यांची रीत आहे, तिच्यात काही शहाणपण असणारच. दोन्ही मतांनी एक गोष्ट न तपासता धरून चाललेली आहे, ती म्हणजे इथे पूर्वीपासून असेच आणि एवढेच जाळले जात होते. खानदेशाचा इतिहास पाहिला तर ते खरे ठरत नाही. शेतकऱ्याची आग त्याच्याकडे निरुपयोगी म्हणून उरणाऱ्या मालाएवढी असते. जोवर काडीन्काडीला गिऱ्हाईक होते, तोवर जाळायला फारसे काही राहत नव्हते. एकेक उपयोग सुटत गेला तसा ढीग वाढला, आणि ढिगाबरोबर आग. जंगलातही हेच घडले. फक्त तिथे उपयोग आपोआप सुटला नाही, कायद्याने तो सोडायला लावला.

सुरुवात जरा मागून करावी लागेल, कारण 'पूर्वी' म्हणजे नेमके कधी, हा प्रश्न खानदेशात महत्त्वाचा आहे. अकबराने १६०१मध्ये असीरगड घेतला आणि खानदेश मोगलाईत गेला. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त या नव्या सुभ्याचे वर्णन आहे. त्यात आदिलाबादचा, म्हणजे पुढे एदलाबाद आणि आता मुक्ताईनगर झालेल्या गावाचा उल्लेख येतो, आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव तीर्थ म्हणून नोंदलेले आहे. शेतीबद्दल तो सांगतो की इथले मुख्य पीक ज्वारी, काही ठिकाणी ती वर्षातून तीनदा घेतात, आणि तिचे ताट इतके कोवळे आणि रुचकर की लोक ते फळासारखे खातात. दरबारी लेखकाची अतिशयोक्ती वजा केली तरी भरवस्तीचा, कसलेला मुलूख डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यानंतर दोन शतकांनी चित्र पालटले. १८०२च्या सुमारास होळकरांच्या फौजांची धामधूम, पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ, मग पेंढारी. १८१८मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या हाती कारभार आला, तेव्हा कितीतरी गावे ओस पडलेली होती आणि शेतांवर रान माजले होते. १८८०मध्ये छापलेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये या काळाचे वर्णन वाचताना एक गोष्ट ध्यानात येते: खानदेशात जंगल आणि शेत यांची सीमा कधीच पक्की नव्हती. माणसे कमी झाली की जंगल पुढे सरके, माणसे वाढली की मागे हटे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पडीत जमिनी इस्ताव्याने, म्हणजे सुरुवातीला नाममात्र आणि पुढे चढत्या साऱ्याने, कसायला दिल्या गेल्या. तेव्हा रान मोडण्यासाठी आगीचा भरपूर वापर झाला असणार, हे मान्य करायला हवे. पण ती आग वहिवाटीखाली जमीन आणण्याची होती. एका जागी ती एकदाच लागे. दर वर्षी तोच बांध पेटवण्याशी तिचा संबंध नव्हता.

दर वर्षी पेटणारा बांध आधी तयार व्हावा लागला. मुंबई इलाख्याच्या मोजणीने प्रत्येक शेताला नंबर दिला, हद्दीवर दगड आणि मातीचे उंचवटे उभे केले, ते मोडणे गुन्हा ठरवले. १८५२मध्ये या मोजणीविरुद्ध एरंडोल, सावदा, फैजपूर भागांत दंगे झाले होते. लोकांचा राग साऱ्याच्या भीतीपोटी होता. शेताची कड कायमची आखली जाणे हा त्याच मोजणीचा दुसरा परिणाम. नांगर जिथे फिरत नाही अशी ही अरुंद पट्टी गवताची, बोरीची, हिवराची आणि निंबाची झाली. पुढच्या वीस वर्षांत कापसाने खानदेश बदलला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू होती आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळला पोचली, तिथून एक फाटा नागपूरकडे आणि एक खांडव्यावरून जबलपूरकडे गेला. जंगलातले सागवान रुळांखालच्या स्लिपरांसाठी मोलाचे झाले आणि शेतात कपाशीचा पेरा वाढला. म्हणजे आज ज्या दोन गोष्टी पेटतात, बांधावरचे गवत आणि पऱ्हाटी, त्या दोन्हींची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आहेत. तरीही त्या शतकात त्या आजच्यासारख्या पेटत नव्हत्या. का, ते पाहू.

पऱ्हाटी ही चुलीची होती. सपाटीच्या गावांतून जंगल दूर. काळ्या जमिनीच्या तापीकाठच्या पट्ट्यात सरपणाची टंचाई नेहमीची. गवऱ्या थापून झाल्यावर उरलेली गरज पऱ्हाट्या आणि तुराट्या भागवत. तुराट्यांचा कुड विणून वर शेणमातीचा गिलावा केला की घराची भिंत होई. त्याच काड्यांच्या कणग्या, टोपल्या, खळ्याचे आडोसे होत. ज्वारीचा कडबा बैलांचा, आणि तो इतका मोलाचा की पीक चांगले की वाईट हे कणसाबरोबर ताटाच्या उंचीवरही ठरे. शेंगांचे आणि कडधान्यांचे कुटार गुरांना. बोरी-बाभळीच्या फांद्या तोडून त्यांचे काटेरी कुंपण दर वर्षी नवे घालावे लागे, त्यामुळे बांध आपोआप साफ होई आणि तोडलेला काटा जाळण्याइतका फुकटचा नसे. बांधावरचे गवत कापून छपराला किंवा गंजीला जाई. पिके निघाल्यावर मोकळ्या रानात ठेलारी आणि धनगर मेंढ्या बसवत. मेंढरे पडलेला पाला, हिरवी बोंडे, धसकटांचे फुटवे खात आणि बदल्यात लेंडीखत सोडून जात. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या उतारांवरही हीच तऱ्हा होती. अंजनाचा पाला गुरांना आणि त्याच्या सालीचे दोर. पळसाच्या पानांच्या पत्रावळी. पिंपळनेर-नंदुरबार बाजूच्या टेकड्यांवर रोशा गवत पावसाळा संपता संपता कापून ओढ्याकाठी भट्ट्यांत त्याचे तेल काढत. ते तेल मुंबईमार्गे बाहेर जाई आणि तुर्कस्तानात गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. डोंगरावरच्या गवताला जिथे समुद्रापलीकडे बाजार होता, तिथे ते चैत्रापर्यंत उभे राहून पेटण्याची शक्यता तेवढी कमी होई. एवढे सगळे उचलून नेल्यावर शेतात राहत ती आखूड धसकटे आणि काडीकचरा. वखर मारून, वेचून, त्याचे लहान लहान ढीग करून संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवत. रान साफ करण्याची आग होती ती एवढी.

हे चित्र गोड करून सांगितल्याचा आरोप होऊ शकतो, म्हणून त्या काळच्या टीकाकारांचीच साक्ष घेऊ. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर १८८९मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९३मध्ये त्यांचा शेतीसुधारणेवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांची मुख्य तक्रार काय होती? शेतकरी शेण जाळतो. आणि कारण त्यांनी नेमके ओळखले: त्याला दुसरे सरपण मिळत नाही. उपाय म्हणून त्यांनी गावांजवळ सरपण आणि चाऱ्यासाठी राखीव राने वाढवण्याची शिफारस केली. म्हणजे १८९०च्या आसपास शेतातली सगळी काडी गोळा करूनही चूल भागत नव्हती, तिला शेणाची जोड द्यावी लागे. ज्या गावात ही टंचाई आहे तिथला माणूस पऱ्हाटीचा ढीग बांधावर पेटवून देईल हे संभवत नाही. दुसरी साक्ष अधिक जवळची. सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की इंदूर. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीमध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची जी पद्धत बसवली ती पुढे इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. तिचे पुस्तक १९३१मध्ये आले ते हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांच्या नावाने. कपाशीचाच मुलूख असल्याने त्यांच्यापुढे पऱ्हाटीचा प्रश्न होता: ती लाकडी, कुजायला हट्टी. त्यांनी ती शेतावरच्या रस्त्यांवर पसरली. बैलगाड्यांच्या येण्याजाण्याने ती चिरडून मऊ झाली, मग गोठ्यात गुरांखाली अंथरली आणि तिथून खड्ड्यात गेली. मला या युक्तीचे मोल फार वाटते. जास्तीचा खर्च न करता, रोजच्या रहदारीतून, काडी खतात बदलली. पऱ्हाटीचे करायचे काय हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर शोधून झाले, त्याला शंभर वर्षे होत आली. उत्तर सापडूनही ते खानदेशात रुजले नाही, कारण त्या वेळी पऱ्हाटीला चुलीची मागणी होती. आणि पुढे मागणी संपली तेव्हा रस्त्यावरून बैलगाड्याच नाहीशा झाल्या.

आता जंगलाकडे वळू. इथे कालक्रम वेगळा आहे आणि दोष ठरवायचाच झाला तर तोही वेगळ्या दारात पडतो. १८६४मध्ये डीट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखाली वनखाते उभे राहिले. सागवान वाढवायचे तर आग थांबवली पाहिजे या विचाराने, खानदेशाच्या पूर्वेला याच सातपुड्यात, होशंगाबादजवळच्या बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन यांनी १८६०च्या दशकाच्या मध्यावर आगबंदीचा पहिला पद्धतशीर प्रयत्न केला. १८७८च्या कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि तिथले गवत, पाला, सरपण, चराई या गोष्टी हक्कातून सवलतीत आल्या. १८८३मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. पूर्वी थोड्या जमिनीचा शेतकरीही आसपासच्या रानातला पाला आणि चारा यांवर चार गुरे पोसून तग धरत असे, आता वनखात्याने शेळीला मोकळे फिरायलाही जागा ठेवली नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. सामान्यपणे हा उतारा गरिबीच्या संदर्भात वाचला जातो आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ आगीच्या बाजूनेही लावता येतो. जे गवत गुरे खात किंवा मोळीतून गावात येई, ते आता जागेवर उभे राहून वाळू लागले. चैत्र-वैशाखात सागाच्या गळलेल्या पानांच्या थरावर हे वाळलेले गवत, आणि त्यावर जळगाव-भुसावळचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा. अशा जंगलाला आग लावायला कुणी दुष्ट माणूस लागत नाही, विडीचे थोटूक पुरते. आजही लागू असलेल्या १९२७च्या भारतीय वन अधिनियमातले कलम २६ राखीव जंगलात आग लावणे गुन्हा ठरवते, आणि त्याच कलमात अशीही तरतूद आहे की आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर शासन त्या जंगलातील चराईचे आणि वनोपजाचे हक्क वाटेल तितक्या काळापुरते स्थगित करू शकते. एकाने आग लावायची आणि गवत सगळ्या गावाने गमवायचे, अशी ही शिक्षा आहे. तिचा परिणाम उलटा होतो: हक्क बंद झाले की गवत आणखी साठते आणि पुढच्या उन्हाळ्याची आग मोठी होते. १९३०मध्ये लोकनायक अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला तो राखीव जंगलातले गवत कापून. विळा चालवणे हाच तिथे कायदेभंग होता.

यावर एक भक्कम आक्षेप आहे. वनखात्याच्या जुन्या कागदांत पानोपानी लिहिले आहे की कायद्याच्या आधीच सातपुड्यातले लोक डोंगरच्या डोंगर पेटवत. कोवळे गवत फुटावे म्हणून, मोहाची फुले वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून, गोचिडी आणि साप हटावेत म्हणून. मग उपयोग सुटल्याने आग वाढली हे म्हणणे कसे टिकेल? हे खरे आहे आणि ते मी नाकारत नाही. पण त्या आगी स्वतःच उपयोगाच्या होत्या. त्यांच्यामागे चारा आणि फुले यांचा हिशेब होता, म्हणून त्यांना वेळ होती. गवत पुरते वाळण्याआधी, थंडीचा ओलावा असताना लावलेली आग जमिनीलगत सरकते, झाडाचा शेंडा होरपळत नाही. ही गोष्ट पुढे वनाधिकाऱ्यांनाच उमगली. १८९६मध्ये ब्रह्मदेशातले वनाधिकारी स्लेड यांनी 'इंडियन फॉरेस्टर'मध्ये तिथे आगबंदीचा अतिरेक झाल्याचे लिहिले, कारण आग थांबवलेल्या जंगलात सागाची नवी रोपेच येईनात. त्यानंतरच्या काळात अनेक प्रांतांत हंगामाच्या सुरुवातीलाच हलकी आग देण्याची पद्धत खात्याने स्वतः स्वीकारली. महाराष्ट्रात आजही १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानला जातो, आणि त्याआधी जाळरेषा कापून त्यावरचे गवत खात्याचे लोक जाळतात. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन टेकड्यांत सोलिगा लोक अशीच लवकरची पालापाचोळ्याची आग देत. अभयारण्य झाल्यावर ती बंद पडली आणि तिथे घाणेरीने जंगल भरून टाकले, असे ते सांगतात आणि अभ्यासकही त्या म्हणण्याकडे गांभीर्याने पाहतात. तेव्हा सगळीच आग वाईट, असे माझे म्हणणे नाही. कायद्याने लवकरची, जाणत्या हातांची, हेतूची आग आणि उशिराची, बेवारस आग यांत भेद केला नाही. पहिली बंद झाली, दुसरी राहिली. मात्र हा दाखला घेऊन आजच्या पेटलेल्या बांधाला सोलिगांच्या पंक्तीला बसवता येणार नाही. मे महिन्याच्या दुपारी ढिगाला काडी लावून निघून जाणाऱ्याला त्या आगीतून काही मिळवायचे नसते. त्याला फक्त काहीतरी नाहीसे करायचे असते.

नाहीसे करायचे काय आणि ते कधीपासून साठू लागले, हे सांगायला फार लांब जायला नको. मागच्या पन्नास-साठ वर्षांची गोष्ट आहे. घरावर पत्रे आले, मग स्लॅब आला, छपराचे गवत नको झाले. कुडाच्या भिंती पक्क्या झाल्या. काटेरी कुंपणाच्या जागी तार आली, मग झटका मशीन आले, आणि बांधावरची बाभूळ तोडायचे कारण संपले. ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली, कडब्याची गंजी गेली. ज्वारीची जागा मक्याने आणि कपाशीने घेतली. चुलीजवळ गॅसची शेगडी आली. १ मे २०१६ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने ती गरिबाच्या घरातही नेली. उलट बाजूने पऱ्हाटी वाढली. २००२मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, ठिबकवर मे महिन्यात लावलेली बागायती कपाशी जानेवारीपर्यंत उभी राहू लागली. झाड उंच, खोड जाड. हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते असा सर्वसाधारण अंदाज आहे. इतका माल, आणि त्याला मागणी घरातल्या पाणी तापवण्याच्या बंबापुरती. केळीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तापीकाठच्या या पट्ट्यात केळी हे मोठे पीक, जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. केळीचे खोड बहुतांशी पाणी. ते पेटत नाही. म्हणून ते बांधावर आणि रस्त्याच्या कडेला टाकले जाते आणि तिथे सडते. जळणाऱ्या पऱ्हाटीला आणि सडणाऱ्या खोडाला एकच कारण आहे: दोन्हींना न्यायला कुणी येत नाही. आग ही परंपरा असती तर केळीवाल्याने कचऱ्याचे दुसरे काही केले असते; त्यानेही जमेल त्या मार्गाने तो डोळ्यांआडच केला.

शेतकऱ्याकडून येणारा आक्षेप किडीचा आहे, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कपाशीचे जे हाल केले ते कुणी विसरलेले नाही. पऱ्हाटी जाळली की अळी मरते, मग जाळू नको कसे म्हणता? अळी उरलेल्या, न उमललेल्या बोंडांत आणि सरकीत सुप्तावस्थेत राहते, काही कोष मातीच्या भेगांत जातात. बोंडअळी रोखण्यासाठी महत्त्वाचे ठरते ते फरदड, म्हणजे वेचणीनंतर त्याच झाडांवरचे वाढीव पीक, न घेणे, डिसेंबर-जानेवारीत पीक संपवणे आणि बोंडे रानात न राहू देणे. पऱ्हाटी जानेवारीत उपटून बांधाला रचली आणि एप्रिल-मेमध्ये पेटवली तर मधल्या महिन्यांत पतंगांना बाहेर पडायला भरपूर वेळ मिळतो. ढीग हाच तोवर अळीचा आसरा असतो. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या चारायला सोडा, त्या उरलेली बोंडे खातात, असे कृषी विभागही सांगतो. ठेलारी मेंढपाळाला पूर्वी बोलावून रानात बसवत, ते हेच काम होते. तणाबद्दलही तसेच. हराळी, कुंदा आणि लव्हाळा यांच्या गाठी आणि मुळ्या वीतभर खाली असतात. वरची आग त्यांना शिवत नाही, आणि राखेवर पहिल्या पावसात त्याच आधी फुटतात. राखेतून पालाश मिळते हे बरोबर, पण नत्र आणि गंधक धुरात जातात, आणि आमच्या काळ्या जमिनीत पालाशाची वाण क्वचितच असते. तिला भूक आहे ती सेंद्रिय पदार्थाची.

सगळ्यांत अवघड आक्षेप मजुरीचा. पूर्वी काही उरत नव्हते, कारण ते उचलणारे हात होते. ते हात कुणाचे होते हे लपवून हा इतिहास सांगणे खोटेपणाचे होईल. पऱ्हाटीच्या मोळ्या बायकांच्या डोक्यावरून घरी येत. गवऱ्या त्याच थापत, धूर त्यांच्याच छातीत जाई. धसकटे वेचायला सालदाराची पोरे लागत, शाळेच्या वयात. सालदाराला वर्षाकाठी जे मिळे त्यात त्याचे कर्ज फिटत नसे. ही व्यवस्था मोडली याचे दुःख करण्याचे कारण मला दिसत नाही, आणि ती परत आणा असे कुणी सुचवले तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. गॅस आला हे चांगले झाले. पण एक व्यवस्था मोडताना तिने जे काम निभावले होते ते कुणी उचलायचे, हे ठरवले गेले नाही. चुलीची काडी बंद करताना पऱ्हाटीचे काय, हा प्रश्न कोणत्याही योजनेच्या कागदावर नव्हता. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून लाकडासारख्या फळ्या आणि जळणाच्या विटा बनवण्याचे तंत्र कधीच तयार केले. ट्रॅक्टरवर चालणारी कुट्टी यंत्रे बाजारात आहेत. अडते ते गोळा करण्यात आणि वाहतुकीत, कारण पऱ्हाटी हलकी, जागा फार व्यापणारी. शेतकऱ्याला कुट्टीचे भाडे द्यावे लागते, काडेपेटी किरकोळ पैशांत येते. या दोन रकमांतला फरक जोवर त्याच्या एकट्याच्या खिशातून जायचा आहे, तोवर त्याला उपदेश करण्यात अर्थ नाही. हॉवर्ड आणि वाड यांना तो फरक भरून काढायला रस्त्यावरच्या गाड्या फुकट मिळाल्या होत्या. आज ते काम सामुदायिक यंत्राने करावे लागेल.

जंगलाच्या बाजूने पाहिले तर खानदेशातच एक उदाहरण आहे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैतराम पवार यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकापासून चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले; २०२५मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. तिथे कुऱ्हाडबंदी आहे, पाळीपाळीने राखण आहे, दंड आहेत, हे सगळे सांगितले जाते. त्याच्या जोडीला तिथे रानभाज्यांचा महोत्सव भरतो, याची दखल कमी घेतली जाते. गाव त्या जंगलातून काही नेते, म्हणून त्याची आग गावाला स्वतःची हानी वाटते. २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक हक्काबरोबर जंगल राखण्याचा अधिकारही दिला आहे. म्हणजे १८७८मध्ये तुटलेला धागा कागदोपत्री तरी पुन्हा जोडता येतो. मुक्ताईनगरला मात्र बारीपाड्याची नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. वढोद्याच्या रानात वाघ आहे, ते मुक्ताई-भवानी व्याघ्र संवर्धन क्षेत्र आहे, आणि आतले गवत हरणांचे व नीलगायींचे आहे. ते सरसकट कापून नेणे म्हणजे वाघाचे भक्ष्य शेतांकडे ढकलणे. कापायचे ते हद्दीलगतच्या पट्ट्यातले, जिथे बांध आणि जंगल एकमेकांना टेकतात, आणि तेही १५ फेब्रुवारीच्या आत. पऱ्हाटी तोवर उपटलेलीच असते. फेब्रुवारीच्या त्याच पहिल्या पंधरवड्यात कुट्टीचे यंत्र आधी या कडेच्या गावांत फिरले आणि त्याचा खर्च जाळरेषेच्या खर्चात धरला गेला, तर ज्या ढिगातून आग जंगलात जाते तो ढीगच तिथे राहणार नाही. जाळरेषेचे पैसे वनखाते दर वर्षी खर्च करतेच. आज ते हद्दीच्या आतल्या बाजूलाच संपतात.